भाषेत कमी, बाकी उत्तम

निकालात दोन आकडे होते. पहिला गणिताचा. तो इतका चांगला होता की मी तो दोनदा मोठ्यानं वाचला. दुसरा भाषेचा. तो नवऱ्यानं वाचला आणि हसायला लागला.

माझा नवरा विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या घरांना आगी लागल्याची आणि गाड्या खांबाला धडकल्याची वर्णनं दिवसभर वाचून त्याचा चेहरा कायमचा गंभीर झालेला आहे. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो कोणाचा तरी दावा नाकारायला आल्यासारखा उभा आहे. असा माणूस सोफ्याच्या हाताला धरून हसत होता. "तू," एवढंच तो म्हणत होता, "तू, आणि भाषेत."

हसण्याचं कारण मला कळत नव्हतं असं नाही. घरात, इमारतीत किंवा ऑफिसात, बोलण्यात मी आजवर कोणाला हार गेलेली नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीनं एकदा आमच्या सोसायटीला लेखी विनंती केली होती की यापुढे फोन दुसऱ्या कोणी तरी करावा. तर अशा बाईच्या भाषेबद्दल एका संगणकानं असं मत द्यावं की शंभरातले ऐंशी लोक हिच्यापेक्षा बरे आहेत, हा माझ्या मते संगणकाचा दोष होता. पण विद्यापीठ संगणकाच्या बाजूनं होतं.

मी पूल तपासते. पुलाखाली उतरायचं, टॉर्च मारायचा, हातोडीनं ठोकून बघायचं आणि कुठे काय बिघडलंय ते शोधायचं. माझ्या वरची जागा रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी पदव्युत्तर पदवी लागेल असा नवा नियम निघाला होता. नोकरी सांभाळून करता येईल असा एकच अभ्यासक्रम होता. त्यासाठी ही इंग्रजीतली प्रवेशपरीक्षा द्यायची होती, आणि गणितात तुम्ही चंद्रावर पोचलात तरी भाषेत ठरावीक गुण हवेतच अशी अट होती. मी त्या अटीच्या बरीच खाली होते. म्हणजे परीक्षा पुन्हा देणं आलं.

हे सगळं घरातच राहिलं असतं, पण सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. निकालपत्रात भाषेच्या विभागाला 'व्हर्बल' म्हटलं होतं, नवऱ्यानं त्याचं भाषांतर 'तोंडी' असं केलं. सासूबाईंनी जिन्यात कोणाला तरी सांगितलं की सुनेची तोंडी परीक्षा बिघडली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यातली परीक्षा गळाली होती, आणि तळमजल्यावर बातमी आली ती अशी की चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं तोंड बिघडलंय. संध्याकाळी मला तीन जणांनी गुळण्या करायला सांगितलं. एका सज्जन गृहस्थांनी आवाज अजिबात वापरू नका, निदान महिनाभर तरी, असं फार कळकळीनं सुचवलं. ते आमच्या शेजारच्याच घरात राहतात, त्यामुळे त्यांची कळकळ कशाबद्दल होती हे सांगता येणार नाही.

तयारीला मी जोरात सुरुवात केली. कठीण शब्दांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. एका बाजूला शब्द, मागे अर्थ. भाजी चिरताना समोर कोणी तरी धरायला हवं म्हणून तो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांचं शिक्षण चांगलं झालेलं आहे, पण नुसता अर्थ वाचून त्यांचं समाधान होईना. प्रत्येक शब्दाला त्या नात्यातलं माणूस शोधू लागल्या. 'पार्सिमोनियस', म्हणजे चिक्कू. हे त्यांचे धाकटे दीर. 'सिकोफंट', म्हणजे पुढे पुढे करणारा. हे मोठ्या नणंदेचे यजमान. 'मॅग्नॅनिमस', म्हणजे मोठ्या मनाचा, या शब्दापाशी त्या बराच वेळ थांबल्या आणि ती चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवून दिली. पंधरवड्यात मला सगळे शब्द पाठ झाले आणि सासरच्या एकाही माणसाकडे पूर्वीच्या नजरेनं बघता येईना. नवऱ्यानं स्वतःसाठी एकच शब्द उचलला. 'गॅरुलस', म्हणजे नको इतकं बोलणारी. तो शब्द तो रोज कुठे ना कुठे वापरायचा. एकदा तर प्रेशर कुकरला उद्देशून वापरला.

एवढं करूनही घरी सोडवलेल्या सराव परीक्षेत भाषेचा आकडा हलेना. उलट एकानं खाली आला.

तेव्हा मी वरच्या मजल्यावर गेले. तिथे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी इमारत त्यांना बाई म्हणते. त्यांनी मला त्यांच्या गॅलरीत लहान मुलांच्या बुटक्या बाकावर बसवलं, कारण त्यांच्याकडे शिकवणीचं बाक तेवढंच आहे. शेजारी हस्ताक्षर सुधारायला आलेल्या दोन चिमुरड्या होत्या. माझे गुडघे हनुवटीपाशी आले. या अवस्थेत माणसाला स्वतःचं पद, अनुभव वगैरे काही आठवत नाही.

बाईंनी मला एक उतारा सोडवायला दिला. शहरातल्या रस्त्यांच्या कडेला मोठी झाडं लावावीत असं त्यात लिहिलं होतं. खाली प्रश्न होता, लेखकाचं मत काय? मी उत्तर दिलं की झाडं रस्त्यापासून लांब लावावीत. बाईंनी विचारलं, हे उताऱ्यात कुठे आहे? मी म्हटलं, उताऱ्यात नाही, पण मुळं रस्त्याच्या पायात शिरतात, मी डोळ्यांनी बघितलंय, लेखकाला त्यातलं काही कळत नाही. मग बाईंनी आणखी चार उतारे दिले. चारही लेखकांचं चुकलं होतं आणि चौघांनाही मी दुरुस्त केलं होतं.

"तुला भाषा येते," बाई म्हणाल्या. "तुला थांबता येत नाही. तू अर्धं वाक्य वाचतेस आणि उरलेलं स्वतःच्या मनानं पुरं करतेस."

मी म्हणायला गेले की असं काही नाही, पण बाईंचं वाक्य बहुधा संपलं नव्हतं, आणि माझं तोंड आधीच उघडलेलं होतं. शेजारच्या चिमुरडीनं पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. तोंड मिटावं लागलं.

बाईंचा इलाज साधा होता आणि अपमानकारक होता. पूर्णविराम दिसेपर्यंत मत बनवायचं नाही. पेन्सिल खाली ठेवायची, हात मांडीवर घ्यायचे, वाक्य शेवटपर्यंत वाचायचं, एक श्वास घ्यायचा आणि मगच पुढे. मी रोज ऑफिसातून येऊन बुटक्या बाकावर हात मांडीवर घेऊन बसू लागले. काही लेखक इतकं धडधडीत खोटं लिहीत की श्वास घेताना मला त्रास होई. पण आकडा हळूहळू वर सरकू लागला, आणि माझा आत्मविश्वास, जो मुळात कमी नव्हताच, तो आकड्याच्या पुढे धावू लागला.

इथे नावाचं प्रकरण सुरू झालं. माझ्या ओळखपत्रावर नावात एक 'एच' जास्त आहे. तो कुठून आला ते कोणालाच माहीत नाही. पहिल्या खेपेला कोणी बघितलं नव्हतं, पण आता परीक्षेच्या संस्थेनं कळवलं की नोंदणीतलं आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. मी त्यांच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की नोंदणीतलं नाव बदलून मिळेल, फक्त त्यासाठी सध्याच्या नोंदणीशी जुळणारं ओळखपत्र पाठवावं लागेल. मी म्हटलं, जुळत नाही म्हणूनच तर बदलायचंय. ती म्हणाली, जुळल्याशिवाय बदलता येणार नाही. मी अर्धा तास बोलले. लिफ्टची कंपनी एवढ्या वेळात शरण आली असती. ही मुलगी शेवटी म्हणाली, "तुमचा दिवस आनंदाचा जावो," आणि फोन ठेवला. मी हरण्याच्या इतक्या जवळ पूर्वी कधी गेले नव्हते.

पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. निवृत्तीनंतर असं गुंतागुंतीचं काही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र करायचं ठरवलं, की 'एच' असलेली मी आणि 'एच' नसलेली मी या दोन्ही मीच आहोत. मला वाटलं दोन ओळींचं काम. त्यांनी दोन पानं केली. मी ती नव्या सवयीप्रमाणे, मत न बनवता वाचायला घेतली, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी पोचले तरी पूर्णविराम आला नाही. श्वास धरून धरून माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. वकीलसाहेब म्हणाले, पूर्णविराम घातला की समोरचा तिथून आत शिरतो.

त्याच आठवड्यात नवरा मला काही तरी सांगायचा प्रयत्न करत होता. माझ्या ईमेलचा पासवर्ड मला कधीच आठवत नाही, म्हणून परीक्षेची नोंदणी त्याच्या ईमेलवर केली होती. तो चहा पिताना म्हणायचा, "अगं, ते परीक्षेचं केंद्र," आणि मी म्हणायचे, माहीत आहे, नकाशा बघून ठेवलाय. मग जेवताना म्हणायचा, "केंद्राचं तसं नाही," आणि मी म्हणायचे, तसंच आहे, मागच्या वेळी तिथेच तर दिली. बाईंचा नियम मी उताऱ्यांना लावत होते. नवरा उतारा नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही वेळेच्या पुष्कळ आधी निघालो. गाडीत नवऱ्यानं दोनदा तोंड उघडलं. मी त्याला डावीकडे वळ, उजवीकडे वळ असं सांगत होते. मागच्या वेळचीच इमारत, तोच जिना, तेच सभागृह. नवरा गाडी लावेपर्यंत मी आत जाऊन बसलेसुद्धा. दाराशी एका तरुणानं हसून स्वागत केलं आणि मला एक टोपी दिली. मागच्या वेळी टोपी नव्हती, पण संस्था सुधारत असतात. मग पुढे एक गृहस्थ आले आणि पाणी किती उंच चढवायचं असेल तर किती ताकदीची मोटर लागते, असा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला. मला वाटलं, वातावरण हलकं करायला विचारत असतील. मी उत्तर दिलं. बरोबर होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते गृहस्थ म्हणाले, या विभागात इतकी जाणकार विक्रेती आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

तेव्हा मला काचेच्या दाराबाहेर नवरा दिसला. तो एका हातानं मोबाइल दाखवत होता आणि दुसऱ्या हातानं मला बोलावत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आग लागलेल्या घराच्या मालकाचा भाव होता. मी टोपीवरची अक्षरं वाचली. ती पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीची होती. परीक्षेचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवलं होतं.

गाडीत मी त्याला विचारलं, हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?

"सांगत होतो," तो म्हणाला. "मंगळवारपासून."

एवढं बोलून तो गाडी चालवत राहिला. मला त्याला पुष्कळ काही म्हणायचं होतं. शेवटी मी म्हटलं, आणखी काही सांगायचं राहिलंय का? त्यानं जरा विचार केला. म्हणाला, हो, ती टोपी काढ.

नव्या केंद्राचं दार बंद होण्याच्या बेतात आम्ही पोचलो. दाराशी करड्या केसांच्या एक पर्यवेक्षिका होत्या. त्यांनी ओळखपत्र बघितलं, यादी बघितली आणि त्या 'एच'वर बोट ठेवलं. मी प्रतिज्ञापत्र दिलं. त्या वाचू लागल्या. पहिलं पान संपलं. दुसरं सुरू झालं. मध्येच त्या परत पहिल्यावर गेल्या. माझ्या मागे धापा टाकत आणखी उशिरा आलेले चार-पाच जण उभे होते. त्यांच्यातल्या एकानं घड्याळाकडे बघून खाकरून घेतलं. माझ्या घशाशी निदान दहा मुद्दे आले होते, एकाहून एक बिनतोड. मी हात पोटाशी धरून उभी राहिले. पर्यवेक्षिकांनी शेवटी मान वर केली.

"यात पूर्णविराम कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वकीलसाहेबांनी घातला नाही. त्यांनी कागद घडी घालून मला परत दिला, सही केली आणि आत सोडलं. वकीलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला.

परीक्षेत मी एकाही लेखकाला दुरुस्त केलं नाही. त्या सकाळनंतर माझ्यात मतंच उरली नव्हती. एका उताऱ्यात तर काँक्रीटबद्दल इतकं ढोबळ विधान होतं की एरवी मी उठून गेले असते. मी हात मांडीवर ठेवून श्वास घेतला आणि लेखकाला काय म्हणायचंय ते म्हणू दिलं. कठीण शब्द आले तसे धाकटे दीर आले, मोठ्या नणंदेचे यजमान आले, सगळी मंडळी एकामागून एक पडद्यावर येऊन गेली आणि आपापल्या जागी बसली. शेवटी गुण दिसले. भाषेचा आकडा अटीच्या वर होता, चांगला हातभर वर. गणिताचा थोडा उतरला होता, कारण डोक्यात अजून ती मोटर फिरत होती.

घरी सासूबाईंनी फोनवर सगळ्यांना सांगितलं की सुनेचं तोंड आता पूर्ण बरं झालंय.

उरली होती मुलाखत. विद्यापीठात एका लांबट खोलीत तीन प्राध्यापक बसले होते. दोघं तरुण आणि मधले वयस्क, पांढऱ्या भुवयांचे, विभागाचे प्रमुख. त्यांनी माझ्या अर्जावर नजर टाकली. "पूल तपासता," ते म्हणाले, आणि मग त्यांनी त्यांच्या तरुणपणी आराखडा केलेल्या एका पुलाबद्दल बोलायला सुरुवात केली. नदीवर वळण घेऊन जाणारा पूल. त्या काळात तसा पूल कोणी बांधला नव्हता, परदेशातले लोक बघायला आले होते, वगैरे.

तो पूल मला चांगला माहीत होता. मागच्या वर्षी मी त्याच्याखाली गुडघाभर चिखलात उभी राहिले होते. वळणावरच्या खांबाचा माथा ज्या तऱ्हेनं फुटत होता ते बघून मी त्या पुलावरची जड वाहनं बंद करायला लावली होती. आणि इथे त्या पुलाचा बाप माझ्यासमोर बसून त्याची कौतुकं सांगत होता. ते म्हणाले, त्या वळणात एकही चूक नाही असं मी चाळीस वर्षं मानत आलो. माझ्या घशातून शब्द वर चढू लागले. एक तरुण प्राध्यापक माझ्याकडे बघून किंचित हसला. मी बोलावं अशी जागा दोनदा आली, मोकळी आणि रुंद. माझी बढती, माझी पदवी, बाईंच्या बाकावर घालवलेल्या सगळ्या संध्याकाळी, सगळं त्या जागेच्या पलीकडे होतं. मी हात मांडीवर घेतले. ते बोलत राहिले.

"आणि मग मागच्या वर्षी," ते म्हणाले, "कोणा तरी तपासनिसाचा अहवाल आला की वळणाचा खांब फुटतोय. मी इतका संतापलो की मी त्याला खरमरीत उत्तर लिहायला घेतलं, आणि उत्तर पक्कं असावं म्हणून स्वतः जाऊन खाली उतरून बघितलं, तर तो माणूस बरोबर होता. शब्दन् शब्द बरोबर. चाळीस वर्षांत त्या खांबाकडे इतकं नीट कोणी बघितलं नव्हतं, मी धरून. अहवालाची भाषा मात्र भयंकर होती. एवढी उद्धट भाषा मी सरकारी कागदात कधी वाचलेली नाही. तरी मला वाटतं, असा माणूस विद्यार्थी म्हणून मिळायला हवा."

मग ते थांबले. मी एक श्वास घेतला, कारण वाक्य खरोखरच संपलं होतं.

"तो अहवाल माझा होता," मी म्हटलं.

हसणारा तरुण प्राध्यापक हसायचा थांबला. प्रमुखांनी पांढऱ्या भुवया वर केल्या आणि माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"म्हणजे ती भाषा तुमची?"

"ती मागच्या वर्षीची," मी म्हटलं. "आता सुधारली आहे. गुण तुमच्यासमोरच आहेत."

त्यांनी माझे गुण पुन्हा बघितले. दोन्ही वेळचे, जुने आणि नवे. चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत लावला.

"थोडी," ते म्हणाले, आणि माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.